अंकल स्क्रूजची काठी आणि गावची लाईन

‘डकटेल्स’ या टीव्हीवर खेळायच्या जुन्या गेममध्ये सेव्ह करायची सोय नाही. पासवर्ड नाही, कॅसेटमध्ये डाव जपून ठेवणारी बॅटरी नाही, सगळे जीव संपले तर ‘कन्टिन्यू’ पण नाही. एकदा सुरू केला की अॅमेझॉनच्या जंगलापासून चंद्रापर्यंत आणि तिथून शेवटच्या ड्रॅक्युलापर्यंत एकाच बैठकीत जायचं. मधे लाईन गेली की सगळं पुसलं. आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यात नव्वदीच्या शेवटी आणि पुढेही कितीतरी वर्षं, संध्याकाळी तास-दीड तास सलग लाईन राहील याचा कोणी भरवसा देत नसे. म्हणून आमच्या आळीत हा गेम सगळ्यांनी खेळला, पण शेवट एकानेही पाहिला नाही.

यंदा मे महिन्यात माहेरी आले तेव्हा मी आणि धाकट्या भावाने ठरवलं की तो शेवट बघायचाच. तोही फोनवर, जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर अॅपवर नाही. घरचीच मशीन, घरचीच कॅसेट आणि मोठा डब्बा टीव्ही. मृग लागला की भावाला मान वर करायला वेळ मिळत नाही, तेव्हा जे करायचं ते त्याच्या आत. मशीन पूर्ण बंद होती, कॅसेट अर्धवट चालायची, खेळायच्या बटणांचा एक रिमोट कामातून गेला होता. हे सगळं कसं चालू केलं ते नीट लिहिते आहे, कारण विदर्भातल्या कित्येक घरांत माळ्यावर अशी मशीन पडलेली असणार, आणि ती दुरुस्त होऊ शकते हेच कोणाला माहीत नसतं.

आधी मशीनविषयी. आपण जिला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो ती निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल. अस्सल फॅमिकॉम जपानात १९८३ साली आली, अमेरिकेत तीच ‘एनईएस’ या नावाने वेगळ्या खोक्यात विकली गेली. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. आपल्या बाजारात आलेल्या नकली मशीन ६० पिनांच्या जपानी मापाच्या, म्हणून अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने कॅसेट आणली तरी ती आपल्या मशीनमध्ये थेट बसत नाही.

आमची मशीन बाबांनी कापसाचे चुकारे हातात आल्यावर यवतमाळहून आणली होती. सोबत शेकडो गेमचा आकडा छापलेली एक कॅसेट होती. तिच्यात खरे गेम थोडेच, बाकी तेच ते फिरून. ‘डकटेल्स’ची पिवळी कॅसेट नंतर आली, आमच्या हट्टापायी. दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीतून ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ लागायचं. आदल्या रात्री टीव्हीवर पाहिलेलं काही दुसऱ्या दिवशी खेळात करून बघणं हे पोरांचं नेहमीचंच. पण टीव्हीतला तोच अंकल स्क्रूज, तो पैसेवाला म्हातारा बदक, आपल्या बोटांनी चालतो, ही गोष्ट तेव्हा आमच्यासाठी फार मोठी होती.

पेटी भावाने माळ्यावरून काढली. वर टिनाचं छप्पर. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि टिनाखाली त्याहून किती जास्त, ते हात लावला की कळतं. मशीनच्या बोर्डावर जे गोल डब्बीसारखे कंडेन्सर असतात त्यांच्या आत ओलसर रसायन असतं, आणि उष्णतेने ते हळूहळू सुकतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे की दर १० अंश तापमान वाढलं की अशा कंडेन्सरचं आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडची जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू नुसती ठेवून ठेवूनही का बिघडते, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

दारव्ह्यात एक टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत. आता त्यांचं बहुतेक काम कूलरच्या मोटारी आणि सेट टॉप बॉक्सचं, पण हात जुना. मशीन टेबलावर ठेवताच त्यांनी मागची पट्टी वाचायच्या आधी खोकं कानाशी धरून हलवून पाहिलं. आत काही सुटं वाजत नव्हतं. मग चार स्क्रू काढले.

“बाई, हे पाहा,” मल्टिमीटरची काडी टेकवत ते म्हणाले, “मशीन मेली नाई. उपाशी हाय.”

झालं असं होतं की सोबतच्या अॅडॉप्टरमधली तारेची गुंडाळी आतून तुटली होती, म्हणून मशीनला वीजच पोचत नव्हती. इथे प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. घरात वायफायचा किंवा कशाचा तरी ९ व्होल्टचा अॅडॉप्टर सापडतो, पिनही बरोबर बसते, आणि माणूस तो सरळ लावून मोकळा होतो. पण पिनेच्या आतल्या भोकात प्लस आहे की मायनस, हे प्रत्येक अॅडॉप्टरचं वेगळं असतं. आपल्या हल्लीच्या बहुतेक अॅडॉप्टरना आत प्लस असतो. आमच्या मशीनला आत मायनस हवा होता. उलटं लावलं असतं तर बोर्डाचं काही खरं नव्हतं, कारण या स्वस्त मशीनमध्ये उलट विजेपासून वाचवणारा डायोड बहुधा घातलेलाच नसतो.

आत काय हवं ते काकांनी कसं ओळखलं, ते मी शेजारी बसून पाहिलं. बोर्डावर ७८०५ नावाची तीन पायांची, वीज एका मापात ठेवणारी रेग्युलेटर आयसी (चिप) असते. तिचा पहिला पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला अर्थिंगचा, तिसऱ्यातून बरोबर ५ व्होल्ट बाहेर पडतात. सगळी मशीन त्या ५ व्होल्टवर चालते. काकांनी मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवला, एक काडी सॉकेटच्या आतल्या खिळ्याला आणि दुसरी ७८०५ च्या मधल्या पायाला लावली. बीप वाजला. म्हणजे आतला खिळा मायनस. बस, एवढंच. नव्या अॅडॉप्टरची तार त्यांनी मधे कापली, दोन्ही टोकं उलटी जोडली, टेप लावला आणि वर माझ्याकडून कागदाच्या चिठ्ठीवर ‘फक्त गेम’ असं लिहून चिकटवून घेतलं, कारण हा अॅडॉप्टर उद्या कोणी वायफायला लावला तर त्याचं नुकसान.

लाल दिवा लागला. पण ७८०५ च्या शेजारचा मोठा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला होता. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. तो बदलून त्याच मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टवाला घातला. आमच्याकडे रात्री गावातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज एकदम चढतं, आणि नुसत्या ट्रान्सफॉर्मरच्या साध्या अॅडॉप्टरमधून मग ९ च्या जागी १३-१४ व्होल्टही बाहेर पडतात. अशा वेळी १६ चा कंडेन्सर फार काठावर राहतो. वरच्या व्होल्टची सगळी भर ७८०५ उष्णता म्हणून बाहेर टाकते, म्हणून तिच्या पाठीला अॅल्युमिनियमचा एक मोठा तुकडाही स्क्रूने बसवला. ही छोटी कामं कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण मशीन तासभर न अडखळता चालली ती यांच्यामुळे.

टीव्हीचं काम सोपं निघालं. या मशीनमधून टीव्हीला जाणारी तार पूर्वी अँटेनाच्या भोकात जायची आणि मग चॅनेल फिरवत बसायचं, मुंग्या कमी होईपर्यंत. काकांनी चित्र-आवाज अँटेनाजोगा करणाऱ्या मागच्या पत्र्याच्या डब्बीत शिरण्याआधीच चित्राची आणि आवाजाची तार पकडली, चित्राच्या तारेवर एक लहान ट्रान्झिस्टर बसवला (थेट जोडलं तर चित्र फिकं येतं), आणि मागे पिवळी-पांढरी अशी दोन सॉकेटं काढून दिली. आता आमच्या २१ इंची डब्ब्याच्या एव्हीमध्ये तार घातली की झालं. एक मात्र सांगते. मशीन जरूर उघडा, पण डब्बा टीव्ही स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज बंद केल्यावरही राहतो. ते काम जाणत्या माणसाचं.

आता कॅसेट. खरी गंमत तिच्यातच होती.

‘डकटेल्स’ लावली की सुरुवातीची चाल स्वच्छ वाजायची, बटणं दाबली की उडीचा आवाजही यायचा, पण पडद्यावर स्क्रूजच्या जागी अक्षरं, ठिपके, कुठे चोचीचा तुकडा, कुठे ढगाचा. कॅसेट बोटाने डावीकडे रेटून धरली तर क्षणभर सगळं जागच्या जागी यायचं. लहानपणी असं झालं की सगळी पोरं कॅसेटमध्ये फुंकर मारायची. त्या फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना एकमेकींवर घासतात आणि म्हणून चालते. फुंकरीतला ओलावा मात्र पिनांवर बसून त्यांना कळंक चढवतो.

कॅसेट उघडली. आत हाताच्या तळव्याहून लहान हिरवा बोर्ड. खालच्या कडेला ३० पिना पुढून, ३० मागून. पुढच्या बाजूच्या बऱ्याच पिनांवर सोनेरी रंगाच्या जागी हिरवट काळपट थर. काकांनी कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली आणि प्रत्येक पिन वरून खाली, एकाच दिशेने पुसली. काडी काळी झाली की टाकायची, नवी घ्यायची. जिथे थर निघेना तिथे पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने, आणि मग पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर वापरू नका. पिनांवरचा मुलामा निघून खालचं तांबं उघडं पडतं आणि मग ते दर पावसाळ्यात कळकतं.

पिना स्वच्छ झाल्या तरी चित्र तुटकंच. इथे काकांची आणि माझी जोडी जमली, कारण मला या गेमची आतली रचना वाचून माहीत होती आणि त्यांना सोल्डर. सांगते. कॅसेटच्या काही पिना मशीनच्या प्रोसेसरकडे जातात आणि काही चित्राच्या आयसीकडे. गेम चालतोय, आवाज येतोय, म्हणजे प्रोसेसरची बाजू ठणठणीत. चित्र तेवढं बिघडतंय, म्हणजे दोष दुसऱ्या बाजूला. पुष्कळ कॅसेटींमध्ये चित्रांसाठी वेगळी रॉम, म्हणजे कायमची भरलेली चिप, असते. ‘डकटेल्स’मध्ये ती नाही. १२८ किलोबाइटच्या गेममध्येच चित्रं भरून ठेवलेली असतात, आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी प्रोसेसर त्या टप्प्याची चित्रं उचलून कॅसेटमधल्याच ८ किलोबाइटच्या एका रॅममध्ये, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणाऱ्या चिपमध्ये, मांडतो. मग चित्राची आयसी तिथून वाचते. तेव्हा संशय त्या २८ पायांच्या रॅमवर.

काकांनी भिंग धरलं. रॅमच्या एका कोपऱ्यातल्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसली. “ड्राय सोल्डर,” ते म्हणाले आणि मला भिंगातून दाखवलं. पाय बोर्डाला चिकटलेला वाटतो, पण खरं तर भोकात सैल उभा असतो. कॅसेट रेटली की बोर्ड किंचित वाकतो, पाय टेकतो, चित्र येतं. त्यांनी त्या पायाला थोडी पेस्ट लावली, सोल्डरची इस्त्री टेकवली, जुनं सोल्डर वितळून चकाकलं, वर नव्याचा एक थेंब. मग तोवर केलंच आहे म्हणून बाकीचे सगळे पायही एकेक करून गरम करून घेतले. बोर्ड थंड झाल्यावर कॅसेट लावली. काळ्या पडद्यावर निळं-पिवळं नाव आलं आणि खाली टोपी, कोट, काठी घेतलेला तो म्हातारा, एकही तुकडा न हलता. दुकानात दुसऱ्या कोणाचा कूलर घेऊन आलेला माणूस सुद्धा थांबून पाहत राहिला.

रिमोटचं सांगायचं तर, नेमकं ‘खाली’चं बटण मेलं होतं. ते मरणारच. अंकल स्क्रूज काठीवर उभा राहून उड्या मारतो, आणि त्यासाठी हवेत असताना ‘खाली’ आणि ‘बी’ ही दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. सगळा गेम या उडीवर आहे. शत्रूच्या डोक्यावर हीच उडी, काट्यांवरून जायला हीच. आतल्या रबराच्या टोपीखालचा काळा कार्बन झिजला होता. काकांनी एका टाकाऊ टीव्ही रिमोटमधून तसलंच एक काळं टिकल कापून चिकटवलं.

घरी सपरीत टीव्ही मांडला, आणि पहिली खेळायला बसली ती भावाची मुलगी. ती फोनवरच्या गेममध्ये मुरलेली. तिने दोन मिनिटं पाहून विचारलं, “आत्या, हा म्हातारा काठीवर उड्या काहून मारते? कार्टूनमंदी तर मारत नाई.”

बरोबर विचारलं तिने. कार्टूनमध्ये तो तसं करत नाही. कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली कॉमिकमध्ये स्क्रूज आणला तेव्हापासून काठी त्याच्या हातात आहे, पण ती टेकायची, उगारायची. टीव्हीवरची मालिका १९८७ साली सुरू झाली आणि तिचे १०० भाग निघाले. कॅपकॉम या जपानी कंपनीत ‘रॉकमॅन’ हा गाजलेला गेम करणाऱ्यांपैकी काही माणसांकडे हा गेम आला, तेव्हा त्यांना सोपा रस्ता उघडा होता. तयार उड्या मारणारा कुठलाही गेम घ्यायचा, नायकाच्या जागी बदक लावायचं, कार्टूनचं नाव वर छापायचं. त्या काळात तसे गेम भरपूर निघाले आणि आज ते कोणाला आठवत नाहीत. यांनी मात्र म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हातात काय असतं? काठी. त्याला काय हवं असतं? पैसा. मग काठीची उडी केली, आणि गुणांच्या जागी डॉलर ठेवले. इतर गेममध्ये स्कोअर कोपऱ्यात वाढत राहतो आणि त्याचं काय करायचं ते कोणाला माहीत नसतं. इथे तो स्कोअर म्हणजेच स्क्रूजची तिजोरी. रिकाम्या वाटणाऱ्या जागी उडी मारली तर हवेतून हिरा निघतो. त्यामुळे खेळणारा हळूहळू स्क्रूजसारखाच होतो, कुठलाही कोपरा सोडत नाही. माझी भाची दुसऱ्या संध्याकाळी अॅमेझॉनच्या प्रत्येक भिंतीशी उड्या मारून बघत होती आणि मला सांगत होती, “थांब ना आत्या, अजून असन इथं.” कोणी तिला शिकवलं नव्हतं.

माझ्या मते कार्टूनवरून केलेला चांगला गेम तो हाच. आणि त्याची किंमत लोकांनी ओळखली; निन्टेन्डोच्या मशीनवरच त्याच्या जगभर सुमारे १६ लाख ७० हजार प्रती गेल्या, २०१३ मध्ये तो नव्याने काढला गेला. आमच्या पिवळ्या कॅसेटसारख्या नकला या हिशोबात धरलेल्या नाहीत.

टप्पे पाच. अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. कुठूनही सुरुवात करता येते, पण खाणीचं दार उघडायला किल्ली लागते आणि ती ट्रान्सिल्व्हेनियात मिळते. हिमालयात काठीने उडी मारून बर्फात पडलं तर स्क्रूज रुततो. तोवर हातात बसलेली सवय तिथे मोडावी लागते. ट्रान्सिल्व्हेनियात जिथे भिंत दिसते तिथे कधी वाट असते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक खजिना, आणि चंद्रावरचा खजिना म्हणजे आयुष्य वाढवणारं हिरवं चीज. यावर भाची फार हसली, पण ते चीज राखणारा उंदीर आला तेव्हा तिचे सगळे जीव तिथेच गेले आणि ती गप्प झाली. वाटेत मिसेस बीकली खाऊ टाकते, चंद्रावर गिझमोडक येऊन भिंत फोडून देतो. कार्टून पाहिलेल्याला ही माणसं ओळखीची, न पाहिलेल्यालाही चालतात.

चंद्राच्या टप्प्याची चाल तर जगप्रसिद्ध. हिरोशिगे तोनोमुरा यांचं संगीत. या मशीनच्या आवाजाला मुळात मोजकेच सूर-स्रोत असतात, दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर आणि ध्वनीचे छोटे तुकडे वाजवणारा एक. एवढ्यातून अवकाशाचा मोकळेपणा आणि थोडी हुरहुर त्यांनी कशी काढली, हे मी कितीदा ऐकूनही मला पूर्ण उलगडत नाही. भाचीने ती चाल फोनवर शोधून लावली आणि म्हणाली, “आत्या, आपली हळू वाजते.”

तिचा कान बरोबर आहे. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवणारे, आपले पॅल पद्धतीचे ५० दाखवणारे. या गेममध्ये दर चित्रामागे संगीत एक पाऊल पुढे सरकतं. तेव्हा तिकडे ५० सेकंदांत संपणारा तुकडा आपल्या मशीनवर ६० सेकंद घेतो. प्रोसेसरचा वेग मात्र जवळपास सारखा असल्याने सूर उतरत नाही, फक्त लय सावकाश होते. स्क्रूजही तेवढाच सावकाश पडतो. आम्ही लहानपणी ऐकलं ते हेच, आणि मला ही सावकाश चाल जास्त आवडते. एम्युलेटर नको म्हणत होते त्यामागे हेही एक कारण होतं.

आता लाईन. हल्ली गावठाणात लाईन पूर्वीपेक्षा खूप बरी असते, पण मे महिन्यात अवकाळी वारं सुटलं की कुठे ना कुठे तार तुटतेच. आमचा पहिला चांगला डाव खाणीतल्या राजाला हरवल्यावर असाच गेला. पडदा एका ठिपक्यात आकसला आणि संपला. भावाने शांतपणे रिमोट खाली ठेवला आणि म्हणाला, “ताई, इन्व्हर्टरवर लावू.” घरचा इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांसाठी. डब्बा टीव्ही आणि मशीन मिळून शंभर वॅटच्या आतबाहेर, म्हणजे ओझं फार नाही. पण कूलर त्यावर चालत नाही. आणि इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीच्या विजेवर टीव्हीच्या स्पीकरमधून सतत एक घुमणारा आवाज येतो. मग काकांच्या सल्ल्याने अॅडॉप्टरची तार टीव्हीच्या तारेपासून लांबून ओढली, तेव्हा तो बराच कमी झाला.

अशा तयारीने एका रात्री जेवणं झाल्यावर बसलो. टप्पे वाटून घेतले होते. ट्रान्सिल्व्हेनिया आणि खाणी भावाच्या, हिमालय आणि चंद्र माझे, अॅमेझॉन भाचीचं. रिमोट हातोहात फिरत होता. मधे लाईन खरंच गेली; कूलर थांबला, दिवे लुकलुकले, आणि पडद्यावरचा स्क्रूज तसाच उड्या मारत राहिला. शेजारची दोन पोट्टी दारात उभी होती, ती आत येऊन बसली. घाम पुसायला कोणी हात मोकळा करत नव्हतं.

पाचही खजिने मिळाल्यावर गेम संपत नाही, हे आम्हाला तोपर्यंत फक्त ऐकून माहीत होतं. खजिने चोरीला जातात आणि पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियात जावं लागतं. तिथे ड्रॅक्युला बदक. तो वटवाघळं सोडतो आणि उडी मारायला फार कमी वेळ देतो. भावाने तिथे घाई केली नाही. एकदा वार, मग लांब, पुन्हा एकदा वार. आणि तो पडल्यावर, आता संपलं असं वाटत असताना, वरून दोर आणि स्क्रूजचा पैशातला वैरी फ्लिन्टहार्ट ग्लोमगोल्ड! तोही खजिन्याकडे निघालेला. त्याच्या आधी वर पोचायचं. “चढ ना बाबा, चढ!” भाची ओरडत होती. चढला.

शेवटी किती पैसे जमवले त्यावर या गेमचा शेवट बदलतो. आमची रक्कम फार मोठी नव्हती, कारण तीन जण तीन पद्धतींनी खेळले आणि भावाने घाईत बरेच हिरे सोडले. भाचीने ती रक्कम वहीत लिहून ठेवली. तिला आता गेममध्ये दडवलेले दोन्ही गुप्त खजिने काढून मोठी रक्कम करायची आहे, त्याशिवाय ती आम्हाला रिमोट देत नाही.

भावाचा जीव मात्र ‘चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स’मध्ये. कॅपकॉमचाच, १९९० चा गेम. त्यात दोघांना एकत्र खेळता येतं, खोके उचलून फेकायचे असतात, आणि जोडीदारालाही उचलून फेकता येतं. बहीण-भावासाठी याहून चांगला गेम मला माहीत नाही. ती कॅसेट यवतमाळच्या जुन्या बाजारात मिळाली, पिना पुसताच चालू झाली.

काकांच्या दुकानात आता दिग्रसहून आणखी एक मशीन आली आहे. तिचा प्रोसेसर चांगला आहे, आवाज येतो, पण चित्राची ४० पायांची आयसी गेली आहे आणि ती नवी मिळत नाही. यूएमसी कंपनीची, वर ‘यूए ६५३८’ असं कोरलेलं असतं. तुमच्याकडे मोडकी मशीन असेल तर चार स्क्रू काढून बोर्डावर हा नंबर आहे का ते जरूर पाहा. बाकी मशीन बंद असली तरी चालेल, तेवढी आयसी काढून आम्ही दुसरीत बसवू.